डावा की उजवा

माझ्या नावाने एक खटला आहे. डावीकडे माझं नाव, मधे 'विरुद्ध', आणि उजवीकडे अमेरिकेचे सेक्रेटरी ऑफ हेल्थ, म्हणजे आपल्या भाषेत तिथले केंद्रीय आरोग्यमंत्री. पहिल्यांदा ते शीर्षक ईमेलमधल्या पीडीएफवर पाहिलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून चहा करायला उठले होते. मी एच-वन-बी व्हिसावर राहणारी मुलगी. विमानतळावर इमिग्रेशनच्या माणसाने "हाऊ आर यू" विचारलं तरी माझा घसा कोरडा पडतो. आणि मी यांच्या मंत्र्यांवर केस केली आहे.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जे म्हणतील असं वाटलं होतं तेच म्हणाले. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. त्यातून परक्या देशात." आई काही बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, "टोचणाऱ्या बाईचं नाव घालणार का त्यात?"

आईच्या या प्रश्नाकडे मी नंतर येते. आधी खांद्याबद्दल.

१२ ऑक्टोबर २०२२. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात आमचं ऑफिस आहे. दर वर्षी ऑक्टोबरात कॅफेटेरियातली चार टेबलं बाजूला सरकवून फ्लूच्या लशीचा कॅम्प लावतात. एका टेबलावर फ्लू, शेजारच्यावर कोविडचा बूस्टर. मी फ्लूच्या रांगेत उभी राहिले. थंडी सुरू झाली होती म्हणून अंगात घट्ट, पूर्ण बाह्यांचा स्वेटर. बाही कोपराच्या वर जाईना. टोचणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, हरकत नाही, गळ्याकडून ओढ. मी गळा डाव्या खांद्यावरून खाली ओढला. त्या उभ्या होत्या, मी खुर्चीत बसले होते. टोचलं, पट्टी लावली, एक छापील कागद हातात दिला. पंधरा मिनिटांनी मी जागेवर परतून कोड रिव्ह्यू करत होते.

रात्री दहाच्या सुमाराला हात ठणकायला लागला. लस घेतली की हात दुखतो, हे आमच्या घरात कुणाला सांगायला नको. आई एकतीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्यसेविका होती. १९९० साली लागली, २०२१ मध्ये कोविडची लस टोचता टोचता निवृत्त झाली. निळा व्हॅक्सिन कॅरियर आमच्या ओसरीवर चपलांच्या शेजारी असायचा. तरीही त्या रात्री मी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हॉइस नोट पाठवली, कारण हे दुखणं ओळखीचं वाटत नव्हतं. तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते. तिचा लगेच फोन आला.

"कुठं टोचलं?"

"डाव्या दंडात."

"दंडात नव्हे, किती वर? बोट लावून दाखव." तिने व्हिडिओ सुरू करायला लावला. मी पट्टी दाखवली. आई थोडा वेळ कॅमेऱ्यात बघत राहिली आणि म्हणाली, "वर टोचलंय गं. हाडाचं टोक लागतंय ना हाताला? त्याच्याखाली दोन-तीन बोटं सोडायची असतात. हिनं एक पण नाय सोडलं."

पुढचे तीन महिने मी काहीही केलं नाही. याचं मला आजही नवल वाटतं. दुखणं कमी होत नव्हतं, उलट हात आखडत चालला होता. केस बांधता येईनात. मागे हुक लावता येईना. वरच्या फळीवरचा डाळीचा डबा उजव्या हाताने काढायची सवय लागली. रात्री डाव्या कुशीवर वळले की जाग यायची. पण माझं एच-वन-बी १ ऑक्टोबरला, म्हणजे लशीच्या अकरा दिवस आधी सुरू झालं होतं आणि नोव्हेंबरात कंपनीने माणसं कमी करायला घेतली. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा, हा नियम ज्याच्या डोक्यावर आहे तो माणूस खांदा दुखतो म्हणून दुपारी तीन वाजता लॉग आउट करत नाही. शिवाय विम्याचं डिडक्टिबल. डॉक्टरकडे गेलं की आधीचे काही हजार आपल्या खिशातून. "होईल बरं" हे औषध तेवढं फुकट होतं.

मधे नोव्हेंबरात खोकला झाला म्हणून अर्जंट केअरमध्ये जाऊन आले. तिथे खांद्याचा विषय काढला नाही. खोकल्यासाठी गेलेल्या माणसाने खांद्याचं कशाला सांगायचं? हे माझं साधं मराठी तर्कशास्त्र पुढे मला फार महाग पडणार होतं.

९ जानेवारीला शेवटी डॉक्टरकडे गेले. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून? मी म्हटलं, "टू-थ्री मंथ्स." एमआरआय झाला. खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली एक पातळ पिशवी असते, बर्सा. सांधा हलताना स्नायू हाडावर घासू नयेत म्हणून ती तिथे असते. माझ्या बर्सात सूज आणि पाणी होतं. मग स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग फिजिओथेरपी. फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी कोनमापक लावून हात बाजूने किती वर जातो ते मोजलं. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाचाच तो थोरला भाऊ. पूर्ण हात १८० अंश जातो. माझा ८५ वर थांबला. काटकोनसुद्धा होत नव्हता.

तिनेच मला पहिल्यांदा 'सिर्वा' हा शब्द सांगितला. लस टोचताना खांद्याला झालेली इजा, असं ज्याचं लांबलचक नाव आहे त्याची इंग्रजी आद्याक्षरं. २०१० मध्ये तेरा रुग्णांवरच्या एका शोधनिबंधाने हे नाव रूढ केलं. कारण ऐकायला सोपं आहे. सुई जास्त वर गेली की औषध दंडाच्या स्नायूत न जाता बर्सात किंवा तिच्या आसपास पडतं. लस बनवलेलीच असते ती शरीराच्या प्रतिकारशक्तीला चिथवण्यासाठी. ते चिथवणं स्नायूत झालं तर दोन दिवस हात दुखतो. चुकीच्या जागी झालं तर सूज तिथेच मुक्काम करते. म्हणजे बाटलीतल्या औषधात खोट नाही. खोट दोन-तीन बोटांच्या अंतरात आहे. आईने व्हिडिओवर जे सांगितलं होतं ते हेच.

"तुला कागद दिला असेल ना, लशीची माहिती असलेला?" फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "त्याची मागची बाजू वाच."

तो कागद माझ्या पर्समध्ये होता. कोऱ्या जागेवर मी कोथिंबीर, दही, एए बॅटरी असं लिहिलं होतं. त्या यादीच्या वर भरपाई योजनेबद्दलचा परिच्छेद छापलेला होता.

ही योजना समजून घ्यायला मला एक शनिवार-रविवार लागला आणि मी तिच्या प्रेमात पडले. इंजिनिअर माणसाला नीट विचार करून बांधलेली सिस्टीम दिसली की होतं तसं.

१९८० च्या आसपास अमेरिकेत डांग्या खोकल्याच्या लशीवरून लस कंपन्यांवर खटल्यांचा पूर आला. कंपन्या एकेक करून धंदा सोडायला लागल्या. लशीच उरल्या नाहीत तर काय, अशी भीती निर्माण झाली. तेव्हा १९८६ मध्ये काँग्रेसने कायदा केला आणि १९८८ पासून योजना सुरू झाली. योजनेत येणाऱ्या लशीच्या प्रत्येक डोसवर, ती जितक्या रोगांसाठी आहे तितके ७५ सेंट कर. फ्लूच्या डोसवर ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लशीवर सव्वादोन डॉलर. हे पैसे एका निधीत जमा होतात. कुणाला इजा झाली तर त्याने कंपनीशी किंवा नर्सशी भांडायचं नाही, या निधीकडे मागायचं. चूक कुणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. प्रतिवादी म्हणून कागदावर आरोग्यमंत्री, त्यांच्या बाजूने न्याय खात्याचे वकील, आणि निवाडा करायला स्पेशल मास्टर नावाचे न्यायाधिकारी. ज्युरी नाही. आपला वकील भरपाईतला एक सेंटही घेऊ शकत नाही. त्याची फी कोर्ट ठरवतं आणि ती योजनेतून वेगळी मिळते. दावा प्रामाणिक आणि सबळ असेल तर हरल्यावरसुद्धा मिळू शकते. नागरिकत्वाची अटही नाही.

बाबांना समजावताना मी म्हटलं, "ही भिशी आहे हो. प्रत्येक जण पाऊण डॉलर टाकतो. ज्याच्यावर वेळ येते तो उचलतो. माझ्या सुईचे पाऊण डॉलर पण आहेत त्यात." भिशी म्हटल्यावर बाबा जरा सैल झाले. आईच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं: टोचणाऱ्या बाईचं नाव कुठेही प्रतिवादी म्हणून येत नाही. तिला दंड नाही, नोटीस नाही. आई म्हणाली, "मग कर."

कसोट्या मात्र कडक आहेत. २०१७ मध्ये सिर्वा योजनेच्या अधिकृत तक्त्यात आला. तक्त्यात बसायचं तर चार गोष्टी लागतात. त्या खांद्याला आधी काही दुखणं नको. वेदना लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेली हवी. दुखणं आणि आखडणं ज्या खांद्यात टोचलं त्याच खांद्यापुरतं हवं. आणि दुसरं कुठलं कारण नको. यांशिवाय त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकलेला हवा आणि पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. त्या दिवशी मी शेजारच्या टेबलावर कोविडची लस घेतली असती आणि तिने हेच झालं असतं, तर यातलं काहीच लागू नसतं. तेव्हा कोविडच्या लशी वेगळ्या योजनेखाली होत्या. तिथे मुदत एक वर्षाची, वकिलाची फी नाही, वेदनेची भरपाई नाही. तीच सुई, तोच दंड, फक्त टेबल वेगळं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज दाखल झाला. दाखल करण्याची फी ४०५ डॉलर. हे कोर्ट वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाऊसच्या समोरच्या चौकात आहे. मी ती इमारत अजून पाहिलेली नाही. सगळं ईमेलवर आणि फोनवर झालं. बाबांची म्हण अशा तऱ्हेने पाळली गेली, मी कोर्टाची एकही पायरी चढले नाही.

अडचण मग सुरू झाली. वकिलांनी कॅम्प चालवणाऱ्या फार्मसीकडून लशीची नोंद मागवली. नोंदीत लशीचं नाव, बॅच, तारीख, वेळ सगळं बरोबर. आणि टोचण्याची जागा: उजवा दंड.

मी ती नोंद पुन्हा पुन्हा वाचली. मग माझ्या लक्षात आलं आणि अंगावर काटा आला, कारण अशा स्क्रीन मीच बनवते. तिथे एक ड्रॉपडाउन असणार. डावा, उजवा, मांडी, वगैरे. आणि कुणीतरी, माझ्यासारख्याच कुणीतरी, फॉर्म भरायला वेळ लागू नये म्हणून त्यात आधीच एक पर्याय निवडून ठेवलेला असणार. डिफॉल्ट. साठ माणसांची रांग असताना टोचणारी बाई 'पुढे' दाबत जाणार. मीही असे डिफॉल्ट ठेवलेले आहेत. ते रिव्ह्यूमध्ये पास झालेले आहेत. वापरणाऱ्याचे दोन सेकंद वाचवले म्हणून कौतुकही झालेलं आहे.

वकील म्हणाले, हे नेहमीचंच आहे, घाबरू नकोस, बाकी सगळे कागद डावा म्हणताहेत. पण सरकारी वकिलांनी रिपोर्टमध्ये तीन मुद्दे मांडले. एक, लशीच्या नोंदीत उजवा दंड आहे. दोन, नोव्हेंबरात अर्जदार खोकल्यासाठी गेली तेव्हा खांद्याची तक्रार नाही. तीन, ९ जानेवारीच्या नोंदीत डॉक्टरांनी 'दोन महिन्यांपासून' असं लिहिलं आहे. म्हणजे दुखणं नोव्हेंबरात सुरू झालं. ४८ तासांत नाही.

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच तीन बग नोंदवले असते. पण तिसऱ्या मुद्द्याने मी अस्वस्थ झाले. मी 'टू-थ्री मंथ्स' म्हणाले होते. आपण दोन-तीन म्हणतो, दोन-चार म्हणतो, पाच-पंचवीस म्हणतो. त्यात आकडा नसतो, अंदाज असतो. ओहायोच्या डॉक्टरला हे माहीत असायचं कारण नाही. त्याने पहिला आकडा टाइप केला आणि पुढे गेला. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या नऊ तारखेपर्यंत तीन महिने होत आले होते. मराठीत मी बरोबर होते. इंग्रजीत माझ्या दुखण्याचा पहिला महिनाच नाहीसा झाला होता.

भाषेची गंमत इथे संपली नाही. शपथपत्रात वेदनेचं वर्णन लागतं. वकिलांच्या सहायिकेने पर्याय दिले: शार्प, डल, बर्निंग, थ्रॉबिंग. शिवाय शून्य ते दहा यांपैकी आकडा. मी प्रयत्न केला. पण माझं दुखणं दिवसभरात निरनिराळं होतं. रात्री ठणका. हात मागे नेला की कळ. कधी काही न करता खांद्यापासून कोपरापर्यंत चमक. सकाळी उठल्यावर अवघडलेपण, आणि दुपारी नुसतीच ओढ, जणू कुणी आतून दोरी बांधली आहे. या प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि शब्द वेगळा. शेवटी मी सगळं मराठीत लिहून काढलं आणि मग एकेका वाक्याचं इंग्रजी केलं. ते शपथपत्र चार पानांचं झालं. सहायिका म्हणाली, यात केस बांधायला बारा मिनिटं लागत होती हे वाक्य सगळ्यात चांगलं आहे.

आता ४८ तासांचा पुरावा हवा होता. मला ती व्हॉइस नोट आठवली. माझ्या फोनमध्ये ती नव्हती. मधे फोन बदलला होता आणि बॅकअप बंद होता. सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरचे बॅकअप असेच असतात. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आहे की."

"दोन वर्षांपूर्वीची?"

"तुझ्या सगळ्या आहेत. गुड मॉर्निंगची चित्रं काढून टाकते मी, जागा झाली पायजे म्हणून."

तारीख-वेळेसकट ती बावीस सेकंदांची नोट मिळाली. "आई, दुपारी फ्लूचं इंजेक्शन घेतलं डाव्या हाताला. भयंकर ठणकतोय गं. त्या कुशीवर झोपताच येईना. असं होतं का?" माझाच आवाज. मागे डिशवॉशर चालू आहे. प्रमाणित भाषांतर करणाऱ्या बाईंनी 'ठणकतोय'चं 'थ्रॉबिंग' केलं आणि 'भयंकर'चं 'टेरिबली'. दोन शब्दांना न्याय झाला नाही, पण 'डाव्या'चं 'लेफ्ट' झालं आणि तेवढं पुरेसं होतं.

आईचंही निवेदन जोडायचं ठरलं. मुलीने कधी, काय सांगितलं, एवढंच. अमेरिकेबाहेरच्या माणसालाही नोटरीशिवाय, खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र असं लिहून सही करता येते. एका रविवारी मी फोनवर विचारत होते आणि ती सांगत होती, मी टाइप करत होते. व्हिडिओवर पट्टी कुठे दिसली, हे सांगून झालं. मी वाचून दाखवलं. ती बरोबर म्हणाली. मग थांबली, आणि म्हणाली, "एक बाई होती. हे लिहू नको."

नोकरी लागून तीन-चार वर्षं झाली असतील. बाजाराचा वार, उपकेंद्रावर गर्दी. एक पहिलटकरीण धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आली. ब्लाउजची बाही घट्ट होती, वर सरकेना. पुरुष माणसं उभी होती, बाही काढ म्हणायची सोय नव्हती. "मग मी गळ्याकडनं ओढली. तुझ्या त्या बाईसारखीच." महिन्याने दुसऱ्या डोसला आली तेव्हा म्हणाली, बाई, हात वर होईना, पाणी शेंदता येईना. आईने तिला गरम पाण्याचा शेक घ्यायला सांगितलं आणि दुसरा डोस दुसऱ्या हातात दिला. रजिस्टरमध्ये 'टीटी २' असं लिहिलं. बाकी काही लिहिलं नाही. पुढे बाळंतपणानंतर घरभेटीला गेली तेव्हा ती बाई पोराला उजव्या कडेवर घेऊन डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न करत होती. "मला वाटलं, अंगावर काढती. चालढकल करती कामाची. सासू पण तेच म्हणायची."

मी काय बोलावं ते मला कळेना. म्हटलं, "तुला तेव्हा कसं कळणार होतं? हे नावच नव्हतं कुणी दिलेलं."

"नाव नव्हतं. हात तर होता ना."

मग आई बराच वेळ टोचण्याबद्दल बोलत होती. त्या दिवसानंतर कधीतरी तिला एका ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी बोटं मोजून जागा दाखवली, आणि तेव्हापासून तिने ती सोडली नाही. मला व्हिडिओवर बघताक्षणी कळलं ते त्यामुळे. त्या बाईचं नाव तिला आठवत होतं. गाव तर माहीतच होतं. पण भेटून सांगायचं काय, हे तिला ठरवता येत नव्हतं. तिच्या नोकरीच्या काळात लशीनंतर काही गंभीर झालं तर वर कळवायची पद्धत आली, चौकशी व्हायची. पाऊण डॉलरची भिशी नव्हती.

याच सुमाराला दुसरा प्रकार घडला. बाबांनी माझ्या केसबद्दल एका काकांना सांगितलं, काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं: 'अमेरिकेने मान्य केलं, लसीमुळे अपंगत्व, आपल्याच मुलीची केस'. मी अपंग नव्हते आणि अमेरिकेने तोवर काही मान्य केलं नव्हतं. मी खाली दोन ओळी लिहिल्या, त्यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. आठवड्याने कळलं की कोल्हापूरच्या मावसबहिणीच्या सासूबाईंनी दीड महिन्याच्या नातवाची लस थांबवली आहे. कारण मी.

त्या रात्री मला केस मागे घ्यावीशी वाटली. माझा खांदा एव्हाना १६५ अंशांपर्यंत आला होता. राहिलेल्या पंधरा अंशांसाठी एका बाळाला डांग्या खोकला होणार असेल तर मला ती भिशी नको होती. योजनेचे आकडे मला पाठ होते: वाटलेल्या दर दहा लाख डोसांमागे भरपाई मिळालेला सुमारे एक माणूस. पण आकडे त्या सासूबाईंना कोण सांगणार, आणि मी 'तो एक माणूस' असल्यावर माझ्या तोंडून ते कोण ऐकणार?

आई एसटीने कोल्हापूरला गेली. तिने तिथे काय सांगितलं ते मावसबहिणीकडून कळलं. डांग्या खोकल्याची लस बाळाला मांडीत टोचतात, खांद्यात नाही, हे तिने आधी सांगितलं. मग म्हणाली, माझ्या पोरीला वाईट टोचलं. वाईट शिवलेला टाका उसवतो म्हणून कुणी कपडे घालायचं सोडत नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः बाळाला घेऊन केंद्रावर गेली आणि तिथल्या नव्या सिस्टरच्या शेजारी उभी राहून बघत राहिली. सिस्टर बिचारी घाबरली असणार.

माझ्या वकिलांनी सांगितलं की अमेरिकेतही याच भीतीपोटी २०२० मध्ये सिर्वा तक्त्यातून काढायचा प्रस्ताव आला होता. ही टोचण्यातली चूक आहे, लशीची नाही, मग लशीच्या खात्यावर का टाकायची, असा युक्तिवाद. जानेवारी २०२१ मध्ये तसा नियम जाहीरही झाला आणि सरकार बदलल्यावर एप्रिलमध्ये रद्द झाला. युक्तिवाद अगदीच चूक नाही. पण तो नियम टिकला असता तर मला कदाचित त्या कॅफेटेरियातल्या बाईंवर निष्काळजीपणाचा दावा लावावा लागला असता, आणि तो मी लावला नसता. आरोग्यसेविकेची मुलगी आहे मी.

२०२५ च्या वसंतात स्पेशल मास्टरांचा निर्णय आला. सुनावणी झाली नाही, कागदांवरूनच. कसोटी 'नसण्यापेक्षा असणं जास्त शक्य', म्हणजे पन्नास टक्क्यांहून तसूभर वर. संगणकावरच्या नोंदींमध्ये जागा चुकीची पडणं असामान्य नाही, असं त्यात होतं. खोकल्याच्या भेटीत माणूस खोकल्याबद्दलच बोलेल हेही मान्य झालं. आणि बावीस सेकंदांच्या एका ध्वनिमुद्रणाचा उल्लेख होता, अर्जदाराने त्याच दिवशी आपल्या आईला पाठवलेल्या. निष्कर्ष: डावा खांदा, ४८ तासांच्या आत. त्यानंतर सरकारने हक्क मान्य केला आणि रकमेचं पत्र आलं. कायद्याने वेदनेची भरपाई जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. ही मर्यादा १९८६ पासून बदललेली नाही. मला साधारण त्याचा पाचवा हिस्सा मिळाला, शिवाय औषधपाण्याचा खिशातून झालेला खर्च.

निर्णय कोर्टाच्या संकेतस्थळावर माझ्या पूर्ण नावाने आहे. नावाच्या जागी आद्याक्षरं ठेवायची विनंती करता येते, मान्य होतेच असं नाही. मी केली नाही. बाबांना वाटतं, लग्नाच्या वेळी कुणी नाव शोधलं तर? मी म्हटलं, शोधू दे. माझा डावा हात १६५ अंशांत जातो हे त्याला आधीच कळलेलं बरं.

पैसे आल्यावर आईला विचारलं, तुला काय हवं? काही नको म्हणाली. मग दोन दिवसांनी फोनवर, दुसरंच काहीतरी बोलता बोलता म्हणाली, "त्या बाईकडं जाऊन आले." पोरगा आता तिशीचा आहे, इस्लामपूरला असतो. हात? "होतो म्हणाली आता वर. दोन वर्षांनी झाला आपोआप." आईने तिला सांगितलं की चूक माझी होती. त्यावर ती बाई काय म्हणाली, हे मी दोनदा विचारलं. आईने सांगितलं नाही. येताना तिने पावशेर शेंगा दिल्या, एवढं सांगितलं.

गेल्या ऑक्टोबरात पुन्हा कॅफेटेरियात टेबलं सरकवली गेली. मी बिनबाह्यांचा टॉप घालून, वर शर्ट असा पोशाख करून गेले. या वेळी टोचणारा एक तरुण मुलगा होता. मी त्याला म्हटलं, तूही बस ना. तो हसला, पण बसला. मी उजवा खांदा पुढे केला, हाडाचं टोक दाखवलं, त्याखाली तीन बोटं लावली. "नर्स आहेस का?" त्याने विचारलं. "नाही, आई होती."

टोचून झाल्यावर तो टॅबलेटवर नोंद करायला लागला. मी स्क्रीन माझ्याकडे वळवायला सांगितली. जागेच्या रकान्यात आधीच 'डावा दंड' असं दिसत होतं. त्याने बोट लावून ते बदललं. मी बदललेलं वाचलं, आणि मग शर्ट घातला.